फिलाडेल्फिया गुणसूत्र: आजच्या चाचण्यांमागचा इतिहास

१९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत एक गुणसूत्र फारच तोकडं दिसलं. तेच हे फिलाडेल्फिया गुणसूत्र. ते दिसण्यात नळाच्या पाण्याचाही वाटा होता. नॉवेल यांनी पेशी त्या पाण्याने धुतल्या, त्या फुगल्या आणि गुंतलेली गुणसूत्रं मोकळी पसरली. आज लॅबमध्ये हे काम ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइड करतं. पेशी त्यात कमी वेळ ठेवल्या तर गुंता सुटत नाही. जास्त वेळ राहिल्या तर फुटतात आणि मोजणीच बिघडते.

तोकड्या गुणसूत्राचा उरलेला तुकडा गळून पडला, असं पुढे बरीच वर्षं मानलं गेलं. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी पट्टे उमटवणारी रंगपद्धत वापरून तो हुडकला: तोकडं गुणसूत्र २२वं होतं आणि त्याचा तुकडा ९व्याच्या टोकाला चिकटला होता. मग ९व्याचंही काही २२व्यावर आलं असणार, हे ओघाने आलंच. १९८० च्या दशकात ते सापडलं. ९वरचं एबीएल जनुक २२वरच्या बीसीआर जनुकाला जोडलं गेलं होतं. एबीएलचं टायरोसिन कायनेज, म्हणजे पेशीला वाढीचे इशारे देणारं एन्झाइम, एरवी लगामात असतं. बीसीआरच्या भागामुळे या जोडप्रथिनाचे रेणू एकमेकांना बिलगतात, कायनेज सतत चालू राहतं आणि पेशी वाढतच जाते. २००१ मध्ये मान्यता मिळालेलं इमॅटिनिब हे औषध नेमकं त्या कायनेजमध्येच बसतं.

तुटण्याच्या जागा मात्र सारख्या नाहीत. बीसीआर बहुधा ५.८ किलोबेसच्या (एक किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरं) छोट्या पट्ट्यात तुटतं. एबीएल कुठेही, शंभराहून अधिक किलोबेसच्या टापूत. प्रत्येक रुग्णाचा डीएनएचा सांधा त्यामुळे वेगळा. पण जनुकाची आरएनए प्रत बनताना मधले भाग कापले जातात (स्प्लायसिंग) आणि एक्झॉन नावाचे तुकडेच राहतात. त्यामुळे आरएनएत बहुतेकांचे दोनच सांधे उरतात, ई१३ए२ किंवा ई१४ए२, म्हणजे बीसीआरचा १३वा किंवा १४वा एक्झॉन एबीएलच्या दुसऱ्याला जोडलेला. पीसीआर, म्हणजे ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो शोधणारी चाचणी, डीएनएऐवजी आरएनएवर करतात, ते याचसाठी.

कॅरिओटाइपला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहण्याच्या चाचणीला, विभागणाऱ्या जिवंत पेशी लागतात, म्हणून शक्यतो बोन मॅरो (अस्थिमज्जा), तोही हेपरिन या गोठणरोधकाच्या नळीत; साधारण २० मेटाफेज, म्हणजे विभागणीच्या ऐन टप्प्यातल्या पेशी, तपासतात. पीसीआरला ईडीटीए या दुसऱ्या गोठणरोधकाची नळी हवी, कारण हेपरिन पीसीआरचं एन्झाइम अडवतं. नमुना रेंगाळला तर आरएनए विरतो. म्हणून रिपोर्टमध्ये आधी कंट्रोल जनुकाच्या, म्हणजे नमुना चांगला आहे का हे दाखवणाऱ्या नेहमीच्या जनुकाच्या, प्रती पाहाव्यात. त्या कमी असतील तर ‘निगेटिव्ह’ला अर्थ नाही. काही रुग्णांत गुणसूत्रं नॉर्मल दिसतात, कारण एबीएलचा बारीक तुकडा बीसीआरच्या आत घुसलेला असतो. तो फिश, म्हणजे जनुकांवर चमकणारे रंगीत ठिपके लावणारी चाचणी, पकडते, तेही न विभागणाऱ्या पेशींत.

सगळ्यात फसवा प्रकार ई१३ए३ आणि ई१४ए३ हा. यांत एबीएलचा दुसरा एक्झॉनच गायब असतो आणि नेहमीच्या पीसीआर किटचा प्रायमर किंवा प्रोब, म्हणजे सांधा शोधणारा डीएनएचा छोटा तुकडा, बऱ्याचदा तिथेच बसतो. आजार भरपूर, पीसीआर कोरी! पहिल्याच तपासणीत ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे या आरएनए सांध्याचा, प्रकार लिहून घेतलेला नसेल, तर उपचार सुरू झाल्यावर हीच कोरी पीसीआर उत्तम प्रतिसाद म्हणून खपून जाते.