जुनी मोटारसायकल विकायची की ठेवायची? आधी आरसी काढून बघा

जुन्या गाडीचा विषय निघाला की लोक दोन प्रश्न विचारतात. किती येतील? आणि काढून टाकली तर नंतर पस्तावणार नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्याआधी एक तिसरा येतो: आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत कधीपर्यंत आहे? ज्यांची गाडी चार-पाच वर्षं कव्हरखाली उभी आहे, त्यांना बहुधा याचं उत्तर सांगता येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जिवापाड जपलेली गाडी विकण्यात काही गैर नाही आणि ठेवण्यात काही वेडेपणा नाही. वाईट आहेत त्या मधल्या दोन अवस्था. किल्ली दिली पण कागदावर नाव आपलंच राहिलं, ही एक. गाडी ठेवली पण तिचे कागद मेले, ही दुसरी. आरटीओच्या चकरा मारणारे बहुतेक लोक या दोन्हींपैकी एकीत अडकलेले असतात.

आरसीत काय बघायचं

खासगी मोटारसायकलची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे पुढे दर वेळी ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. म्हणजे १५ वर्षं झाली की गाडी भंगारात, ही ऐकीव गोष्ट आहे. गाडी तपासणीत पास होत असेल तर ती २५ वर्षांचीही कायदेशीर असते. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआर पट्ट्यात मात्र जुन्या गाड्यांबाबत न्यायालयाचे वेगळे आदेश आहेत. तिकडचं गिऱ्हाईक आलं तर आधी त्यालाच चौकशी करायला लावा.

मुदत पाहिल्यावर एचपी बघा, म्हणजे गाडीवरचा कर्जाचा बोजा. हप्ते केव्हाच फिटलेले असतात, पण बोजा उतरवायचं राहून गेलेलं असतं. त्यासाठी फॉर्म ३५ च्या दोन प्रती आणि बँकेची किंवा फायनान्स कंपनीची एनओसी लागते. वीस वर्षांपूर्वीची फायनान्स कंपनी आज त्याच नावाने असेलच असं नाही. ती दुसरीत विलीन झाली असेल तर त्या दुसरीकडून पत्र मिळवायला सगळ्यात जास्त वेळ जातो. म्हणून विकायची असो वा ठेवायची, पहिलं काम हे करा.

मग चेसिस आणि इंजिन नंबर. आरसीवरचे आकडे गाडीवरच्या आकड्यांशी एक-एक जुळवून बघा. गंजलेला किंवा रंगाखाली गेलेला चेसिस नंबर तपासणीच्या दिवशी सापडेना झाला की दिवस फुकट. मधल्या काळात इंजिन बदललं असेल किंवा गाडीचा रंगच बदलला असेल, तर त्याची आरसीवर नोंद हवी. हौसेने केलेले फेरफार इथे आडवे येतात.

आरसी जुनी, हाताने लिहिलेली पुस्तिका असेल तर परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहा. काहीच दिसलं नाही तर गाडीची नोंद ‘वाहन’ प्रणालीत चढलेली नाही. मूळ नोंदणी झालेल्या कार्यालयात जाऊन बॅकलॉग एंट्री करून घेतल्याशिवाय पुढचा एकही अर्ज ऑनलाइन सरकत नाही. आरसी हरवली असेल तर पोलिसांकडे तक्रार आणि फॉर्म २६.

ठेवायची असेल तर रिपासिंग

कायद्याच्या भाषेत नोंदणीचं नूतनीकरण, आपल्याकडच्या बोलीत रिपासिंग. अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन किंवा तो नसेल तर फॉर्म ६०, पत्त्याचा पुरावा. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छापही तयार ठेवा. मग ठरलेल्या दिवशी गाडी निरीक्षकासमोर उभी करायची.

शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ मधल्या दुरुस्तीने २० वर्षांवरच्या मोटारसायकलसाठी ते २,००० झालं. मुदत उलटून गेली असेल तर नियमात दरमहा ३०० रुपये जादा शुल्क आहे. चार वर्षं उशीर झाला तर हिशेब तुम्हीच करा. कव्हरखाली उभी असलेली गाडी खर्च करत नाही असं वाटतं, ते इथे खोटं ठरतं.

वेळेत केलं तर मात्र फार महाग नाही. २० वर्षांवरची गाडी धरली तरी नूतनीकरणाचं शुल्क वर्षाला ४०० रुपये पडतं. थर्ड पार्टी विम्याचे दर १ जून २०२२ पासून ७५ ते १५० सीसीला ७१४ आणि १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये ठरले, त्यावर जीएसटी. गाडी ठेवायची की नाही हे ठरवताना हे आकडे कागदावर मांडा. बऱ्याच जणांची ‘परवडत नाही’ ही तक्रार खरं तर सुटे भाग आणि मेकॅनिक यांच्याबद्दल असते, सरकारी खर्चाबद्दल नसते.

टू-स्ट्रोकवाल्यांना धाकधूक पीयूसीची असते. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम अशी मर्यादा आहे. त्यानंतर बनलेल्या टू-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ६,०००. कार्ब्युरेटर साफ, एअर फिल्टर नवा आणि ऑइलचं प्रमाण योग्य असेल तर यामाहाची जुनी आरएक्स १०० यात बसू शकते. धूर सोडते म्हणून नापासच होणार असं समजून गाडी विकू नका. गाडी गरम करूनच पीयूसीला न्या, थंड इंजिनावर आकडे चढे येतात.

आणि हो, नंबर प्लेट. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवावी लागते. दुचाकीला ४५० रुपये आणि जीएसटी मिळून ५३१ पडतात. ती नसेल तर हस्तांतरण, बोजा उतरवणं अशी कामं अडतात. जुनी हाताने रंगवलेली प्लेट फेकायची नाही, पण ती घराच्या भिंतीवर.

विकायची असेल तर

पहिली अट: आरसी जिवंत हवी. मुदत संपलेली गाडी आधी रिपासिंग करून मगच नावावर करता येते. ‘तुम्हीच करून घ्या, त्या हिशेबाने कमी द्या’ असा सौदा गिऱ्हाईक सुचवतं, आणि आपण किमतीकडे बघून हो म्हणतो. तसं करू नका. तो रिपासिंग करेपर्यंत गाडी तुमच्या नावावर रस्त्यावर फिरत असते.

विकणाऱ्याने फॉर्म २९ मध्ये विक्रीची सूचना द्यायची, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत. घेणाऱ्याने फॉर्म ३० घालून ३० दिवसांत गाडी नावावर करून घ्यायची. एजंट या सगळ्याला मिळून टीटीओ म्हणतात. दोघांची ओळखपत्रं, घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६०, मूळ आरसी, विमा, पीयूसी लागतात. थकलेली ई-चलनं आधी भरा, नाहीतर अर्ज तिथेच थांबतो. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर असेल तर बरंचसं काम घरबसल्या ओटीपीवर होतं. मात्र आरसीला तुमचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर आधी तो बदला.

घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर फॉर्म २८ वर आपल्या आरटीओची एनओसी घ्यावी लागते आणि सूचनेची मुदत ४५ दिवस असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. विश्वासावर चालतं, आणि बहुतेकदा काही होतही नाही. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघाताच्या वेळी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल, मग प्रत्यक्षात गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेली असो. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. मी एक गाडी अशी दिली होती. घेणारा ओळखीतला होता. वर्षभराने दुसऱ्या जिल्ह्यातलं सिग्नल तोडल्याचं चलन माझ्या मोबाइलवर आलं तेव्हा कळलं की गाडी तिसऱ्याकडे गेली आणि नाव अजून माझंच. दंड किरकोळ होता. त्या सिग्नलवर कुणी आडवं आलं असतं तर?

म्हणून किल्ली देताना तारीख आणि वेळ घालून डिलिव्हरी नोट लिहा, घेणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत ठेवा. फॉर्म २९ आपल्या हाताने भरून दाखल करा आणि पोच जपा. जमलं तर पैशांचा शेवटचा भाग नाव बदलल्यावरच घ्या किंवा मूळ आरसी तोवर आपल्याकडे राहू द्या. गिऱ्हाईक तयार नसेल तर दुसरं शोधा. चांगल्या जुन्या गाडीला गिऱ्हाइकांची वाण नाही.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला देत असाल तर तो अधिकृत आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत अशा विक्रेत्याने गाडी ताब्यात घेताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा असतो, आणि पुढची विक्री होईपर्यंत मालक तो मानला जातो. एवढी एक नोंद झाली की तुमच्या डोक्याचा ताप जातो.

विम्याचं एक लक्षात राहत नाही. पॉलिसी गाडीबरोबर जाते, पण नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या दुचाकीला तो लावता येतो.

विंटेज म्हणून नोंदवावी का?

‘माझी गाडी विंटेज आहे’ असं म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांची तशी असते. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या विक्रीच्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण हवीत, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नकोत. आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली, म्हणजे सगळ्यात जुन्या आरएक्सलाही २०३५ पर्यंत थांबावं लागेल. म्हैसूरला १९६१ पासून बनलेल्या जावा आणि सत्तरीच्या सुरुवातीच्या बुलेट मात्र आज पात्र ठरू शकतात.

अर्ज फॉर्म २० मध्ये, विमा आणि फोटोंसह. नवी नोंदणी २०,००० रुपये, नंतरची फेरनोंदणी ५,०००, मुदत १० वर्षं. जुना नंबर ठेवता येतो. गोम इथे आहे: विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीसाठी नेणं-आणणं, एवढंच. रविवारी सकाळी घाटात फेरी मारणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. त्याला साधं रिपासिंगच बरं.

आणि गाडी उभीच राहत नसेल, चेसिसच कुजलं असेल, तर ती सुटी करून विकण्याआधी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राचा विचार करा. तिथे मिळणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिटवर नव्या खासगी गाडीच्या करात सूट मिळू शकते, केंद्राच्या नियमात ती जास्तीत जास्त २५ टक्के आहे. भंगारवाल्याला दिलेल्या गाडीची नोंदणी रद्द केली नाही, तर तिचा नंबर कागदावर जिवंतच राहतो.

गाडी वडिलांच्या नावावर असेल तर

नियमाप्रमाणे मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच मुदतीत फॉर्म ३१ घालून नाव बदलायचं असतं. सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. ती तीस दिवसांची मुदत पाळणारं घर मी पाहिलेलं नाही. त्या दिवसांत आरटीओ कुणाला आठवतं? माझ्या वडिलांची गाडी नावावर करताना एक आत्या, दोन काका आणि परदेशातली बहीण, एवढ्यांच्या सह्या जमवण्यात एक हिवाळा गेला. त्यातल्या आत्या आणि काकांच्या सह्या लागतच नव्हत्या, हे खिडकीवरच्या माणसाने शेवटी सांगितलं.

२०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं. माझ्या गाडीवर मी मुलीचं घातलं आहे. तिला किक मारता येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. पुढे ती गाडी विकेल हे मला माहीत आहे, पण विकायला तिला कुणाच्या सह्या गोळा करत फिरावं लागू नये.