टेलिहँडलर मागवताना: किती टन, आणि किती पुढे?

टेलिहँडलर म्हणजे पुढे लांब होणाऱ्या बूमच्या (दांड्याच्या) टोकाला माल उचलणारे फोर्क (काटे) असलेलं मशीन. "चार टनाचं मशीन पाठवा," असा फोन आला की आमचा पुढचा प्रश्न ठरलेला: माल किती उंच आणि चाकांपासून किती पुढे ठेवायचाय? पाटीवरचे ४ टन खरे, पण बूम आत असताना. १७ मीटरपर्यंत चढणाऱ्या अशा मशीनचा बूम पूर्ण पुढे काढला की ते काहीशे किलोच पेलतं. नेमका आकडा केबिनमधल्या लोड चार्टवर, म्हणजे किती उंच आणि किती पुढे किती वजन चालतं त्या तक्त्यावर असतो.

बूमची मूळ खीळ मशीनच्या मागच्या टोकाला असते आणि पुढची चाकं म्हणजे तरफेचा टेकू. समजा बूम १२ मीटर लांब काढलाय आणि खीळ पुढच्या चाकांच्या ३ मीटर मागे आहे. ६० अंशांवर माल चाकांच्या ३ मीटर पुढे असतो. लांबी तीच ठेवून बूम ३० अंशांवर आणला की तोच माल जवळजवळ साडेसात मीटर पुढे जातो. वजन एक किलोही वाढलं नाही, पण मशीन उलथवणारा जोर अडीचपट झाला. म्हणून माल खाली आणताना आधी बूम आत घ्यायचा, मग खाली. घाईत नेमका हाच क्रम चुकतो.

मागच्या ॲक्सलवरचा भार हलका झाला की केबिनमधला दिवा हिरव्याचा पिवळा, मग लाल होतो आणि भोंगा वाजतो. पण ही यंत्रणा पुढे कलंडण्याचा धोका ओळखते, बाजूला कलंडण्याचा नाही. मशीन ३ अंश तिरकं असेल तर १० मीटर उंचीवरचा माल अर्धा मीटर बाजूला सरकलेला असतो. एका टायरात हवा कमी असली तरी मशीन असंच कलतं. बूम उचलण्याआधी केबिनमधला पाणसळीचा बुडबुडा मध्ये हवा, आणि जॅक (मशीनला आधार देणारे पाय) उतरवायचे तर खाली जाड फळ्या. ताज्या भरावावर जॅक खचतो.

हायड्रा (हूकवाली चाकांवरची क्रेन) असताना हे मशीन कशाला? हायड्राचा हूक माल वरून सोडतो, त्यामुळे वर स्लॅब पडलेल्या मजल्यात पॅलेट आत सरकवता येत नाही. टेलिहँडलरचे फोर्क दोन स्लॅबच्या मधून आत जातात. बूम उचलला जातो तसा त्याच्याखालचा छोटा सिलिंडर फोर्कच्या सिलिंडरकडे तेल ढकलतो, त्यामुळे पॅलेट आपोआप सपाट राहतो. फोर्क काढून वाळूसाठी बकेट किंवा हूकचा जिब (हूक लावलेला दांडा) लावता येतो. मात्र प्रत्येक जोडणीचा चार्ट वेगळा. माणसांसाठी मशीनला मान्य असलेली बास्केटच लागते. पॅलेटवर माणूस चढवायला आमचा ऑपरेटर नाही म्हणेल, आमच्याच सांगण्यावरून.

बूम बाहेर येताना कटकट वाजला, झटके देऊ लागला, तर बहुधा आतले नायलॉनचे पॅड कोरडे पडलेत किंवा झिजलेत. काम थांबवून कळवा.

फोन करताना सर्वांत जड पॅलेटचं वजन सांगा. सिमेंटच्या ४० गोण्या म्हणजे २ टन, पॅलेट वेगळा. पावसात भिजलेले एएसी ब्लॉक (भिंतीचे हलके, सच्छिद्र ब्लॉक) कोरड्यापेक्षा बरेच जड भरतात. गेटची रुंदीही मोजून ठेवा, आणि वाटेत गटाराची झाकणं किंवा तळघराचा स्लॅब असेल तर आधीच सांगा. या आकाराचं मशीन रिकामंच सुमारे १२ टनांचं असतं.