सीए की ओएस? सोनारमध्ये लक्ष्य शोधताना उंबरठा ठरवण्याच्या दोन रीती

सोनारच्या परताव्यात (परत आलेल्या प्रतिध्वनीत) लक्ष्य ओळखायला एकच ठरावीक उंबरठा, म्हणजे जिच्या वर गेलं की इशारा मिळतो ती पातळी, चालत नाही. अंतर, तळ, लाटा यांनुसार पार्श्वभूमी सतत बदलते. म्हणून प्रत्येक कप्प्याचा (अंतराच्या एका छोट्या तुकड्याचा) उंबरठा त्याच्या शेजारच्या कप्प्यांवरून काढतात, म्हणजे खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण स्थिर राहतं. हेच सीएफएआर (कॉन्स्टंट फॉल्स अलार्म रेट). त्यातला सीए (सेल अ‍ॅव्हरेजिंग) शेजाऱ्यांची सरासरी घेतो. ओएस (ऑर्डर्ड स्टॅटिस्टिक) त्यांना चढत्या क्रमाने लावून ठरावीक क्रमांकाचं मूल्य उचलतो, ३२ शेजारी असतील तर बहुधा २४वं. दोन्ही ठिकाणी त्या आकड्याला गुणक लावतात. बाकी मांडणी सारखीच असल्याने एकाचा गुणक दुसऱ्याला लावण्याची चूक सहज होते.

दहा हजारांत १ खोटा इशारा चालणार असेल, तर वर्ग केलेल्या परताव्यावर ३२ शेजाऱ्यांच्या सीएचा गुणक १०.६७ येतो आणि १६ शेजाऱ्यांचा १२.४५. निव्वळ गोंगाटात २४वं मूल्य सरासरीच्या सुमारे १.३४ पट असतं. त्यामुळे ओएसला सीएचाच गुणक लावला, तर उंबरठा १.३ डेसिबलने उगाच वर चढतो आणि क्षीण लक्ष्यं निसटतात.

खरा फरक दिसतो तो जवळ दुसरं लक्ष्य असताना. समजा, शेजारच्या एका कप्प्यात गोंगाटापेक्षा २० डेसिबलने वरचा परतावा आहे. तो एकटाच सरासरी चौपट करतो आणि सीएचा उंबरठा ६ डेसिबलने वाढतो. मग १५ डेसिबलचं लक्ष्य, जे एरवी स्पष्ट सापडलं असतं, झाकलं जातं. ओएसमध्ये तोच परतावा रांगेच्या टोकाला जातो, उंबरठा जेमतेम ०.३ डेसिबल हलतो. अशी आठ बाधित मूल्यं ओएस पचवतो, नववं मात्र नाही. एकसारख्या पार्श्वभूमीत सीए किंचित सरस ठरतो, आणि तो स्वस्तही पडतो.

लक्ष्य स्वतःच्या संदर्भ कप्प्यांत (ज्यांवरून उंबरठा काढतात त्या शेजाऱ्यांत) सांडलं, तर ते स्वतःलाच झाकतं. २ किलोहर्ट्झ पट्ट्याच्या (बँडविड्थच्या) पल्सला कप्पा सुमारे ०.३८ मीटरचा असतो, म्हणजे ३ मीटरचं लक्ष्य आठ कप्पे व्यापतं. तेव्हा दोन्ही बाजूंना किमान आठ कप्पे राखीव सोडा, म्हणजे उंबरठा काढताना ते धरू नका.

चिखल संपून खडक सुरू होतो त्या कडेवर ओएस वाचवतो, असा समज आहे. पण खडकाच्या पहिल्या कप्प्यात निम्मे शेजारी चिखलातले असतात आणि दोन्ही उंबरठे साधारण ३ डेसिबलने घसरतात. सीएमध्ये खोट्या इशाऱ्यांची शक्यता दहा हजारांत एकवरून शंभरात एकवर येते. इथे दोन्ही बाजूंच्या सरासऱ्यांपैकी मोठी घेणं बरं.

खडकाळ तळाच्या परताव्याची शेपटी जड असते, म्हणजे फार मोठी मूल्यं निव्वळ गोंगाटापेक्षा जास्त वेळा येतात. वरचे गुणक तिच्यासाठी नाहीत, मग रीत कुठलीही असो. लक्ष्य नसलेल्या पिंगवर (सोडलेल्या ध्वनिस्पंदाच्या परताव्यावर) मोजून पाहा: २,००,००० कप्प्यांत सुमारे २० इशारे यायला हवेत. दोनशे आले, तर गुणक त्या मोजणीवरूनच ठरवावा लागेल.