एक विणकर, अनेक माग: इव्हेंट लूप नेमका कुठे अडतो?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यात गेलात तर एकच विणकर अनेक माग सांभाळताना दिसेल. टॉवेल विणून होईपर्यंत तो एका मागापुढे उभा राहत नाही. बाण्याचा धागा तुटला किंवा कांडी संपली की माग थांबतो. विणकर तिथे जातो, कांडी बदलतो, माग सुरू करतो आणि दुसरीकडे वळतो. हजारो लोकांशी एकाच वेळी बोलणारे कितीतरी सर्व्हर याच पद्धतीने चालतात. त्यांच्या गाभ्यातल्या चक्राला इव्हेंट लूप म्हणतात.

या चक्राचा एक फेरा साधा असतो. कोणत्या सॉकेटवर (नेटवर्क जोडणीच्या आपल्याकडच्या टोकावर) काही आलंय, हे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विचारायचं. जिथे आलंय तिथलं नेमून दिलेलं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, चालवायचं. वेळ भरलेले टायमर उरकायचे आणि पुन्हा विचारायचं. हे सगळं एकाच थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या एकाच धाग्यावर, एकामागून एक.

पूर्वी या विचारण्याचाच खर्च फार होता. 1983 च्या 4.2 बीएसडी या युनिक्स प्रणालीतल्या 'सिलेक्ट' या विचारणेच्या सोयीला प्रत्येक फेऱ्यात सगळ्या सॉकेटची यादी नव्याने द्यावी लागे, आणि त्या यादीला बहुतेक ठिकाणी 1024 ची मर्यादा होती. एका सर्व्हरने 10,000 जोडण्या कशा सांभाळायच्या, हा प्रश्न प्रोग्रामर डॅन केगेल यांनी 1999 मध्ये मांडला. 2000 मध्ये फ्रीबीएसडीत 'केक्यू' आणि 2002 मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये 'एपोल' या नव्या सोयी आल्या. यादी एकदाच नोंदवायची, कर्नल फक्त तयार असलेल्यांची नावं परत देतो. त्यामुळे आज लूप मंदावला तर खोट सहसा विचारण्यात नसते. उत्तर आल्यावर आपण जे करत बसतो, त्यात ती असते.

समजा, एका कारखान्यातल्या 300 मागांवर मोजणी यंत्रं बसवली आहेत आणि एक प्रोग्राम त्यांचे आकडे गोळा करतो. पाळी बदलताना मालक संगणकावर दिवसाचा हिशोब मागतात. ती बेरीज-वजाबाकी दोन सेकंद चालते. तेवढा वेळ लूप त्या एकाच कॉलबॅकमध्ये अडकलेला असतो आणि 300 मागांचं कुणीच ऐकत नाही. पडद्यावर काही मागांची जोडणी तुटल्याचं दिसतं, मग केबल तपासली जाते, राउटर बदलला जातो. इव्हेंट लूपच्या दुखण्यात सर्वात फसवी गोष्ट हीच आहे: ओरडतो एक आणि गुन्हेगार असतो दुसराच. म्हणून ज्याला उशीर झाला त्याच्या कोडमध्ये शोधत बसणं बहुतेकदा वाया जातं.

आधी लूपचाच उशीर मोजावा. दर 10 मिलिसेकंदांनी वाजणारा टायमर लावायचा आणि तो प्रत्यक्षात किती उशिरा वाजतो ते टिपत राहायचं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसमध्ये याची सोय तयार मिळते. पायथॉनच्या असिंकआयओ या इव्हेंट लूपच्या लायब्ररीत डीबग मोड चालू केला की 100 मिलिसेकंदांहून जास्त रेंगाळलेला कॉलबॅक लॉगमध्ये उमटतो. मात्र सरासरीवर विसंबू नका. आठ तासांच्या पाळीत दोन सेकंदांचा अडथळा सरासरीत पार विरून जातो. 99 व्या शतमानातही, म्हणजे 99 टक्के नोंदी ज्याच्या आत बसतात त्या आकड्यातही, तो दिसणार नाही. सर्वात मोठा उशीर किती आणि तो किती वाजता झाला, ते पाहा.

गुन्हेगार सापडला की हिशोबाचे तुकडे करून मधे मधे लूपला फिरू द्यावं, नाहीतर ते काम वेगळ्या थ्रेडवर सोपवावं. इथेही एक खाचखळगा आहे. नोडजेएसच्या पोटात असलेली लिबयूव्ही ही लायब्ररी फाइल वाचण्यासारख्या कामांना मूळ रचनेत फक्त चार थ्रेड ठेवते. पासवर्डचं हॅशिंगही (तपासणीसाठी त्याचं सांकेतिक रूप काढणं, हे जड गणित) त्याच चौघांकडे जातं. एकदम चार जण लॉगइन झाले की डिस्क रिकामी असूनही फाइल वाचण्याचं काम रांगेत उभं राहतं. ही संख्या वाढवता येते, पण आधी ती आहे हे ठाऊक हवं.

याच्या उलट आजारही असतो: काम काहीच नाही आणि सीपीयूचा एक कोर 100 टक्के व्यग्र. सॉकेटमध्ये लिहायला जागा आहे का, ही विचारणा लिहिण्याचं काम संपल्यावरही चालू ठेवली की हे घडतं. जागा जवळजवळ नेहमीच असते, म्हणून कर्नल लगेच 'हो' म्हणतो आणि लूपला क्षणभरही झोप मिळत नाही. प्रोग्राम कर्नलला काय काय विचारतो ते दाखवणारं 'एसट्रेस' हे साधन लावून पाहिलं तर एपोलच्या हाकांची सलग माळ दिसते. पाठवायचं काही शिल्लक असेल तेव्हाच ती विचारणा नोंदवायची, हा त्यावरचा उपाय.

टायमरकडे लोक फारसं पाहत नाहीत, पण मला तोच भाग सर्वात सुंदर वाटतो. दर वेळी घड्याळ विचारायचा खर्च वाचावा म्हणून लिबयूव्ही फेऱ्याच्या सुरुवातीची वेळ टिपून ठेवते आणि तीच वापरते. एखादा कॉलबॅक दोन सेकंद चालला आणि त्याच्या शेवटी तुम्ही पाच सेकंदांचा टायमर लावला, तर तो तीन सेकंदांतच वाजतो. कारण मोजणी त्या जुन्या वेळेपासून होते.

आता आपल्या 300 मागांकडे पाहा. प्रत्येक माग सेकंदाला 10 आकडे पाठवतो आणि 60 सेकंद गप्प राहिला तर जोडणी बंद करायची आहे. सरळ मार्ग म्हणजे आकडा आला की त्याचा टायमर काढून नवा लावायचा. त्यात टायमर सेकंदाला 3,000 वेळा हलतात. त्याऐवजी आकडा आल्यावर फक्त शेवटची वेळ लिहून ठेवायची. टायमर वाजला की ती वेळ पाहायची: माग अलीकडेच बोलला असेल तर उरलेल्या वेळेचा टायमर पुन्हा लावायचा, नाहीतर जोडणी तोडायची. आता प्रत्येक टायमर साधारण मिनिटाला एकदाच वाजतो. 3,000 च्या जागी सेकंदाला 5.