कचऱ्याच्या गाडीचं गाणं आणि बाकीची पालुपदं

घाटावर दहाव्याचे विधी आटोपले होते. पिंड मांडून आम्ही पंधरा-वीस जण मागे सरून उभे होतो आणि कावळा काही शिवत नव्हता. समोरच्या पिंपळावर दोघे बसले होते, पण खाली यायचं नाव नाही. ‘काहीतरी राहिलंय त्यांच्या मनात,’ असं कुणीतरी हळूच म्हणालं आणि पुन्हा सगळे गप्प झाले. त्या शांततेत माझ्या डोक्यात सकाळच्या घंटागाडीचं गाणं सुरू झालं. गाडीवाला आलाय, घरातला कचरा बाहेर काढा, एवढंच त्याचं म्हणणं. मान खाली, हात जोडलेले आणि आत तीच एक ओळ गरागरा फिरतेय. ओल्या फरशीवर पायाचा अंगठा ताल धरायला लागलाय हे लक्षात आलं, तेव्हा मी गुपचूप पाय मागे घेतला.

ते गाणं मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या श्याम बैरागींचं. स्वच्छ भारत मोहिमेच्या लाटेत ते हिंदी मुलखातून निघालं आणि आपल्याकडच्याही कित्येक गावांतल्या गाड्यांवर चढलं. घंटागाडीतली खरीखुरी घंटा गेली, नाव तेवढं राहिलं. तैवानमध्ये कचऱ्याच्या गाड्या बेथोव्हेनची ‘फ्युर एलिझ’ वाजवत येतात. तिथल्या माणसाला दहाव्याला काय आठवत असेल कोण जाणे.

या प्रकाराला आपल्याकडे एक असं ठरलेलं नाव नाही. गाणं तोंडात बसतं, डोक्यात घोळतं, पिच्छा पुरवतं. क्रियापदं भरपूर, नाम नाही. जर्मन लोकांनी मात्र नाव ठेवलं ते थेट किड्याचं: ओरवुर्म. शेपटाकडे चिमटा असलेला हा छोटा किडा झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो असा युरोपात जुना समज होता, आणि तेच नाव चिकट चालीला पडलं. गोम कानात जाते म्हणून ज्यांना लहानपणी जमिनीवर झोपू दिलं नाही, त्यांना ही उपमा समजावून सांगायला नको. इंग्रजीतला ‘इअरवर्म’ जर्मनवरूनच आला. ब्राझीलमध्ये अशा गाण्याला च्युइंगमचं गाणं म्हणतात. इटालियन शब्द आहे तोर्मेंतोने, म्हणजे छळवाद.

छळाची पहिली गाजलेली गोष्ट मार्क ट्वेनची. ‘अटलांटिक मंथली’च्या फेब्रुवारी 1876च्या अंकात ती आली. अमेरिकेतल्या घोड्याच्या ट्राममध्ये कंडक्टरने कुठल्या भाड्याला कुठल्या रंगाचं तिकीट पंच करायचं याची सूचना लावलेली असे. तिच्यावरून कुणी गमत्या मंडळींनी चार ओळी जुळवल्या आणि त्या लोकांच्या तोंडी बसल्या. ट्वेनच्या गोष्टीतला निवेदक त्या वर्तमानपत्रात वाचतो आणि त्याचं खाणं, झोप, लिहिणं सगळं बंद पडतं. शेवटी एका पाद्री मित्राला तो त्या ऐकवतो. निवेदक मोकळा होतो आणि मित्र अडकतो. हा मित्र एका अंत्यविधीला प्रवचन द्यायला निघालेला असतो. आगगाडीची चाकं रुळांवर तेच म्हणत राहतात आणि प्रवचनाच्या वेळी समोरच्या शोकाकुल मंडळींच्या मानासुद्धा त्याच ठेक्यात डोलू लागतात. घाटावरची माझी गोष्ट ट्वेनने दीडशे वर्षं आधीच लिहून ठेवली होती तर.

पण ट्वेनपासून इतिहास सुरू केला की एक गोष्ट निसटते. गाणं चिकटणं हा त्रास आहे, ही तक्रारच मुळात अलीकडची. आपल्याकडे गाणं चिकटावं म्हणूनच बांधलं जायचं.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ शके 1051चा, म्हणजे इसवी सन 1129चा. त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात अशी नोंद आहे. ओवीची ही इतकी जुनी नोंद आणि तीही कामाला जोडलेली. उखळातलं मुसळ वर-खाली होतं, जात्याचा खुंटा गोल फिरतो, हात तेच तेच करत असतात, तेव्हा तोंडालाही तेच तेच करायला काहीतरी लागतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हॅं यांनी 1980च्या दशकापासून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यातली ध्वनिमुद्रणं ऐकताना कळतं की बाई ओळ एकदा म्हणून सोडत नाही. अर्धी म्हणते, ‘बाई’ घालून फिरवते, पुन्हा पहिल्यापासून उचलते. दोन ओळींची ओवी मूठभर दाण्यांना पुरते. ओवी डोक्यात बसली नाही तर पहाटे चार वाजता, वही ना दिवा अशा अंधारात, ती आठवणार कशी?

ग्रंथांतली ओवी साडेतीन चरणांची. पहिल्या तीन चरणांना यमक, शेवटचा अर्धा बिनयमकाचा, दारात एक पाय ठेवून उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा. कान पुढची ओवी मागतोच. हे मुद्दाम केलेलं होतं की सवयीने घडलं, यावर पंडितांनी वाद घालावा. माझं मत पहिल्याकडे झुकतं.

आणि मग पालुपद. पदाची जी ओळ प्रत्येक कडव्यानंतर परत येते ती. ध्रुवपद म्हटलं की शब्दातच ध्रुव आला, जागचा न हलणारा. कीर्तनात बुवा निरूपणात कितीही लांब भरकटले तरी टाळकरी ती ओळ धरून बसलेले असतात. मराठीने या शब्दाचं पुढे जे केलं त्यात सगळं आलं. ‘त्याचं आपलं एकच पालुपद’ असं आपण गवयाबद्दल बोलत नाही. सुट्टी मिळत नाही म्हणून रोज कुरकुरणाऱ्या शेजाऱ्याबद्दल बोलतो.

शाळेत हेच तंत्र. बे एके बे, बे दुणे चार. जुन्या पंतोजींच्या शाळेत पूर्णांकांचे पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. माझ्या आजोबांना किराण्याच्या हिशेबात औटकीतली एक संख्या हवी असली तर ते पुटपुटत पहिल्यापासून सुरू करायचे, कारण मधूनच उचलता यायचं नाही. संख्या चालीला लटकलेली असायची. चाल ओढली की ती वर यायची.

कान आधी आवाज धरतो, अर्थ मागून येतो किंवा येतच नाही, याचा पुरावा दर भाद्रपदात घरोघरी मिळतो. समर्थ रामदासांच्या नावे असलेल्या गणपतीच्या आरतीत ‘फणिवरबंधना’ आहे, म्हणजे नाग कमरेला बांधलेला. अर्धा महाराष्ट्र ‘फळीवर वंदना’ म्हणतो. ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ होतं. आमच्या घरी मूर्ती खरंच फळीवर मांडत असत, त्यामुळे मला कॉलेजात जाईपर्यंत शंकाच आली नाही. आता योग्य शब्द माहीत आहे. टाळ्या सुरू झाल्या की तोंडातून फळीच येते.

या सगळ्यात एक गोष्ट समान होती: गाणं चिकटायला कुणीतरी माणूस समोर बसून गायला लागायचा, आणि दोनदा गायलेलं सारखं नसायचं. ते बदललं तबकडीने. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानचा आवाज ध्वनिमुद्रित झाला आणि मिनिटा-तीन मिनिटांच्या तबकडीवर गाणं मावायला लागलं. तीच तान, तोच श्वास, तीच खरखर, हवं तितक्या वेळा. जुन्या तबकड्यांवर वाढलेल्या माणसाला डोक्यातलं गाणंही खरखरीसकट ऐकू येतं, सुई अडकायची त्या जागेसकट.

नंतर रेडिओ. इथे एका मराठी माणसाने नकळत मोठं काम केलं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 ते 1962 माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे कट्टर भोक्ते, सिनेगीतांवर राग. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेगीतं आटली. लोकांनी काय केलं, तर रेडिओचा काटा शॉर्टवेव्हवर सरकवून रेडिओ सिलोन लावलं. तिथे 1952च्या डिसेंबरात अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती, टूथपेस्टच्या नावाची. दर बुधवारी संध्याकाळी, क्रमांक लावून. कुठलं गाणं कितव्या पायरीवर, यावर पैजा लागत. गाणं ऐकलं की संपलं असं राहिलं नाही. पुढच्या बुधवारपर्यंत ते डोक्यात सांभाळावं लागे.

केसकरांच्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 1955च्या रामनवमीपासून वर्षभर आठवड्याला एक नवं गाणं दिलं: ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडक्यांचं ‘गीतरामायण’, एकूण 56 गीतं. तेही आठवड्याच्या अंतराने, तेही ध्रुवपदावर परतणारं. त्या पिढीतल्या माणसाला पहिली ओळ द्या, अर्धा डझन कडवी येतील. म्हणजे सिनेगीत असो वा रामकथा, चिकटण्याचा मसाला एकच.

शेवटी आकाशवाणीनेच हात टेकले. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली आणि 1 नोव्हेंबर 1967 पासून तिच्यावर जाहिराती आल्या. सुरुवात कुठून, तर मुंबई, पुणे आणि नागपूर. पैसे देऊन डोक्यात शिरलेली पहिली सरकारी नभोवाणीची पालुपदं मराठी मुलखाच्या वाट्याला आली, हा मान कुठल्या गौरवगीतात दिसत नाही. दूरदर्शनवर जाहिराती 1976 मध्ये आल्या. मग परळमध्ये 1952 साली केशव विष्णू पेंढरकरांनी सुरू केलेली विको घराघरांत वाजायला लागली. तिच्या हळदीच्या क्रीमच्या गाण्यात ते कॉस्मेटिक नाही असं ठासून सांगितलेलं असे. तेच म्हणणं कंपनी उत्पादन शुल्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत मांडत होती: ही सौंदर्यप्रसाधनं नव्हेत, आयुर्वेदिक औषधं आहेत. कोर्टातला युक्तिवाद आंघोळ करताना गुणगुणणारा दुसरा देश असेल असं वाटत नाही.

शास्त्रज्ञ या विषयाकडे वळले ते उशिरा. पाया मात्र 1927चा: ब्लूमा झैगार्निक या संशोधिकेने बर्लिनमध्ये दाखवलं की पुरं झालेल्या कामापेक्षा अर्धवट सुटलेलं काम जास्त लक्षात राहतं. डोक्यातलं गाणं बहुधा असंच अर्धवट असतं. आपल्याला मुखडा येतो, अंतऱ्यापाशी गाडी अडते आणि पुन्हा मुखड्यावर येते. 2005 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात ओळखीच्या गाण्यांत मुद्दाम शांततेच्या फटी ठेवून लोकांच्या मेंदूची चित्रं घेतली, तर फटीतही ऐकण्याचं केंद्र कामात होतं. गाणं थांबलं, कान थांबला नाही. लासी लिक्कानेन यांनी फिनलंडमध्ये 12,000हून अधिक इंटरनेट वापरणाऱ्यांना विचारलं, तेव्हा 10 पैकी 9 जणांनी आठवड्यातून एकदा तरी हे होतं असं सांगितलं.

कुठलं गाणं चिकटतं याचा चांगला शोध केली जाकुबॉव्स्की आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये छापला. 3,000 जणांनी सांगितलेल्या गाण्यांची, न चिकटलेल्या पण तितक्याच लोकप्रिय गाण्यांशी तुलना केली. चिकटणारी चाल जरा जलद असते, सुरांची चढ-उतार बालगीतासारखी ओळखीची असते आणि तरी मध्येच एखादी अनपेक्षित उडी असते. सोपी असावी पण अगदी सपक नसावी. फोडणीत मोहरी तडतडते तेवढं काहीतरी हवं. 2016 मध्येच आपल्याकडे ‘झिंगाट’ आलं होतं. हा निबंध न वाचताही वरातीतल्या कुठल्याही बँडवाल्याने हेच सांगितलं असतं.

केव्हा चिकटतं, तर मन रिकामं असताना. भांडी घासताना, चालताना, रांगेत. काम फार सोपं असलं की मन भटकतं आणि फार अवघड असलं तरी भटकतं, असं आयरा हायमन यांच्या 2013च्या प्रयोगांत दिसलं. घाटावरची वाट पाहणी यात चपखल बसते. करायला काहीच नाही आणि हलायचंही नाही.

उपाय म्हणून ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठात 2015 मध्ये लोकांना च्युइंगम चघळायला दिलं, तेव्हा गाणं परतण्याचं प्रमाण कमी झालं. मनात गाताना जीभ-जबड्याची जी छुपी हालचाल चालते तिला दुसरं काम लागतं, असं त्यामागचं स्पष्टीकरण. तोंडात कायम सुपारी असणाऱ्या आमच्या एका काकांना कुठलंच गाणं येत नसे, याचा उलगडा मला तेव्हा झाला. दुसरा उपाय गाणं शेवटपर्यंत म्हणून टाकण्याचा, झैगार्निकबाईंच्या हिशेबाने काम पुरं करण्याचा. मी करून पाहिलाय. सिनेगीतांना लागू पडतो. घंटागाडीच्या गाण्याला नाही, कारण त्याचा शेवट मी कधी ऐकलेलाच नाही. गाडी कोपऱ्यावरून वळते तिथे माझ्यापुरतं ते संपतं.

हल्लीच्या रीलमध्ये तर मुखड्याच्या पुढे काही ठेवलेलंच नसतं. पंधरा सेकंद, अंगठा वर, पुन्हा तीच पंधरा सेकंद. कडवी गळून पडली, पालुपद तेवढं राहिलं.

घाटावर कावळा आला तो चाळीसेक मिनिटांनी. कुणीतरी पिंडाशेजारी वाटीभर श्रीखंड ठेवलं, त्यांच्या आवडीचं, आणि दोघांपैकी धाकटा दिसणारा खाली उतरला. सगळ्यांनी हुश्श केलं. परतताना गाडी माझा मावसभाऊ चालवत होता. बराच वेळ कुणी बोललं नाही. टोलनाक्याच्या रांगेत गाडी थांबली आणि त्याने स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरत काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली. मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता आणि तो राहतो चारशे किलोमीटरवर. ओळ मी लगेच ओळखली. त्याच्याकडे गाडी साडेसातला येते म्हणे.