क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञांचे प्रशिक्षण

सार्वजनिक आरोग्यसेवेतील डॉक्टर, पशुवैद्यक, प्रयोगशाळेतील तज्ज्ञ इत्यादींना नोकरीत असतानाच रोगसर्वेक्षण, उद्रेकाचा शोध आणि आकडेवारीचे विश्लेषण यांची प्रत्यक्ष कामातून दिली जाणारी तालीम. प्रगत अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश काळ उमेदवार वर्गाबाहेर काम करतो. या पद्धतीचा आरंभ अमेरिकेत अलेक्झांडर लँगम्यूर यांनी १९५१ मध्ये उभारलेल्या ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’मधून झाला. थायलंडमध्ये १९८० मध्ये असा कार्यक्रम सुरू झाला. भारतात चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००१ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम, तर दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये अमेरिकी धर्तीवरील दोन वर्षांचा कार्यक्रम सुरू केला.

अशा माणसांची गरज कोठे पडते, हे विदर्भाच्या ग्रामीण भागात स्पष्ट दिसते. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये प्रथम वेगळा करण्यात आला तो नागपूर भागातील चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून, आणि त्याला नावही त्या गावाचेच मिळाले. वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूमुळे मुलांना मेंदूज्वर होतो व रोग इतक्या झपाट्याने वाढतो की नमुने घेण्यास एखाद्या दिवसाचा उशीर झाला तरी निदान हातचे जाऊ शकते.

पावसाळ्यातील गॅस्ट्रोची साथ हा मात्र प्रशिक्षणार्थीचा नेहमीचा धडा होय. गावात पोहोचल्यावर रुग्ण कोणाला म्हणायचे याची व्याख्या तो आधी ठरवतो, उदाहरणार्थ ‘अमुक तारखेनंतर दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच झालेली गावातील व्यक्ती’, आणि मग आशा व आरोग्यसेवक यांच्यासह घरोघर फिरून नाव, वय, वस्ती व आजाराची सुरुवात यांची यादी करतो. तारीख विचारली तर ती पुष्कळदा सांगता येत नाही. ‘तान्ह्या पोळ्याच्या दिवशी’ किंवा ‘मागच्या बाजाराला’ असे उत्तर मिळते, आणि तेवढ्यावरून तारीख काढण्याचे कसब अंगी बाणवावे लागते. आजारी नसलेल्या घरांतही तेच प्रश्न विचारायचे असतात, हे नवख्यांना पटायला वेळ लागतो. मात्र एका विहिरीचे पाणी पिणाऱ्यांत आणि न पिणाऱ्यांत आजाराचे प्रमाण किती, ही तुलना केल्याशिवाय त्या विहिरीवर ठपका ठेवता येत नाही. पाण्यातील क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टमध्ये क्लोरीन आढळले नाही एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. तरीही पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकण्याचे काम पुराव्यासाठी थांबवून ठेवायचे नसते.

‘साथरोग’ हा शब्द येथे काहीसा अपुरा पडतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर कीटकनाशके फवारताना अनेक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा होऊन काहींचा मृत्यू झाला. येथे जंतू नव्हता, पण कोण, कोठे, केव्हा आणि कशाच्या संपर्कात आला हे प्रश्न तेच होते. त्यांत कपाशीची उंची, फवारणीचा पंप आणि मिसळलेली औषधे यांची भर पडते.

२००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाने आरोग्यसेवक, वैद्यकीय अधिकारी व प्रयोगशाळा यांच्याकडून संशयित, संभाव्य व निश्चित रुग्णांची माहिती नियमितपणे मागवण्याची व्यवस्था घातली. पुढे ती ऑनलाइन झाली. ही माहिती जिल्ह्यात वाचणारा माणूस नसेल तर ती केवळ वर पाठवण्यापुरती उरते, आणि शिकून आलेल्या अधिकाऱ्याची वर्षभरात दुसऱ्याच कामावर बदली झाली तर प्रशिक्षणावरचा खर्च वाया जातो. म्हणूनच तालुका पातळीवरील कर्मचाऱ्यांसाठी सुमारे तीन महिन्यांचे प्राथमिक अभ्यासक्रम अधिक निकडीचे वाटतात. त्यांत उमेदवार स्वतःच्याच आरोग्य केंद्राची नोंदवही तपासतो, आणि ज्या आठवड्याचा अहवाल ‘निरंक’ गेला त्या आठवड्यात रुग्णच नव्हते, की उपकेंद्राची जागा रिकामी होती, हे शोधून काढतो.