सरासरी त्वरणावरून अंतर ठरत नाही
स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या काहींचा असा समज असतो की, सुरुवातीच्या व अखेरच्या वेगांची सरासरी काढून तिला वेळेने गुणले की विमानाने कापलेले अंतर मिळते. त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, एकसमान असेल तेव्हाच हे खात्रीने म्हणता येते. लढाऊ विमानाचा वेग ६० सेकंदांत २०० वरून ३२० मीटर प्रतिसेकंद झाला, तर सरासरी त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि सूत्रानुसार अंतर १५.६ किलोमीटर येते. परंतु तीच वाढ पहिल्या २० सेकंदांत एकसमान त्वरणाने उरकली तर अंतर १८ किलोमीटर भरते, शेवटच्या २० सेकंदांत झाली तर अवघे १३.२. सरासरी त्वरण तिन्ही वेळा तेच. प्रत्यक्षात वेगाबरोबर हवेचा विरोध वाढून त्वरण बहुधा घटत जाते, त्यामुळे खरे अंतर सूत्राहून सहसा जास्तच निघते.